'वयात येणं' का 'घडणं'? कमिंग ऑफ एज कादंबरीला मराठीत काय म्हणायचं

धुळ्याच्या एका ताईंनी विचारलंय. एम.ए.च्या असाइनमेंटमध्ये त्यांनी "वयात येण्याची कादंबरी" असं लिहिलं तर सरांनी खाली लाल रेघ मारली आणि वर्गात खसखस पिकली. त्यांचं म्हणणं असं की पोरगं लहानाचं मोठं कसं होतं ते सांगणाऱ्या कादंबरीला इंग्रजीत कमिंग ऑफ एज म्हणतात, शब्दाला शब्द बरोबर बसतो, मग चुकलं कुठे? आणि दुसरं, अशा कादंबरीतल्या आयडेंटिटीला अस्मिता म्हणायचं का ओळख?

ताई, शब्दाला शब्द बसतो खरं, पण आपल्याकडे वयात येणं हे शरीराचं आहे. मुलगी वयात आली म्हणजे काय ते घरातल्या बायकांना न सांगता कळतं, मुलगा वयात आला म्हणजे मिसरूड फुटलं, आवाज फुटला. 'शहाणी झाली' हे पण जुन्या बायका त्याच अर्थाने म्हणायच्या, अकलेचा तिथे काही संबंध नव्हता. इंग्रजीतलं ते एज मात्र कायद्यातलं, म्हणजे ठराविक वय पूर्ण झालं की माणूस आपल्या मालमत्तेचा मालक. त्याला आपल्याकडे सज्ञान होणं म्हणतात आणि हा शब्द मी पुस्तकात नाही, सातबाऱ्यावर शिकलो.

माझे वडील मी सातवीत असताना गेले. शेताला वारस लागले तेव्हा उताऱ्यावर माझ्या नावापुढे 'अ.पा.क.' आणि त्याच्यापुढे आईचं नाव आलं. अज्ञान पालनकर्ता, इथे अज्ञान म्हणजे अल्पवयीन. मी ते 'अपाक' असं एका दमात वाचायचो आणि मला खूप दिवस वाटायचं की हे आपल्यात काहीतरी कमी आहे असं लिहिलंय. १८ पूर्ण झाल्यावर अर्ज केला, शाळा सोडल्याचा दाखला जोडला, फेरफार झाला आणि तो शेरा कमी झाला, झालो मी सज्ञान. पण खरं कळायला लागलं ते त्याच्या कितीतरी आधी, वडील गेले त्या वर्षी घरात सण नव्हता, पुढच्या वर्षी पोळ्याला बैलांना पुरणपोळी भरवायला आईने काकांना न बोलावता मला पुढे केलं आणि माझे हात थरथरत होते, तेव्हा. कादंबरीला हा दुसरा दिवस पाहिजे असतो, फेरफारचा नाही. म्हणून सज्ञान पण इथे चालत नाही.

मग उरतात दोन चांगले शब्द, 'कळता होणं' आणि 'जाणता होणं'. आपल्याकडे अहिराणीत 'पोऱ्या आते समजदार व्हयना' म्हणतात, तेही याच घरातलं. पण कळणं आणि जाणणं यात एक गंमत आहे जी मला फार आवडते. 'मी कळलो' असं आपण समजण्याच्या अर्थाने कधी म्हणत नाही, 'मला कळलं' म्हणतो. म्हणजे कळणं मी करत नाही, ते माझ्यापर्यंत येतं, दुखणं येतं, भूक लागते तसं. जाणणं मात्र मी करतो, 'मी जाणतो'. लहानपणी सगळं आपल्याला कळत जातं, कोणाचं भांडण का झालं, आई रात्री का रडते, घर गहाण आहे म्हणजे काय, आपण मागितलेलं नसतं तरी कळतं. आणि मग कधीतरी माणूस स्वतः जाणायला लागतो, बघायला लागतो, विचारायला लागतो. या प्रकारच्या कादंबरीत पोरगं पहिल्या क्रियापदाकडून दुसऱ्याकडे जात असतं, मधे दोनतीनशे पानं जातात. इंग्रजीत दोन्हीला एकच 'नो' आहे, तिथे हे इतकं सहज दिसत नाही.

पौगंडावस्थेची कादंबरी असंही काही जण लिहितात. तो शब्द मला कोरडा वाटतो, डॉक्टरच्या भिंतीवरच्या तक्त्यासारखा, आणि संस्कृतात पौगंड म्हणजे साधारण पाच ते दहा वर्षांचं मूल, त्याच्या पुढचं वय ते किशोर. कुमार कादंबरी म्हटलं तर मुलांसाठी लिहिलेली असा अर्थ होतो. मुलांसाठी आणि मुलाबद्दल यात पुष्कळ फरक आहे.

आता माझं मत. साहित्याच्या पुस्तकात या प्रकाराला जर्मन शब्द सापडतो, बिल्डुंग्सरोमान. कार्ल मॉर्गेनश्टर्न नावाच्या प्राध्यापकाने तो १८२० च्या आसपास वापरला, पुढे दिल्ताय या जर्मन तत्त्वज्ञामुळे रूढ झाला, आणि नमुना म्हणून सगळे जर्मन लेखक गटेच्या १७९५-९६ मधल्या 'विल्हेल्म माइस्टर' कादंबरीकडे बोट दाखवतात. त्या कादंबरीच्या नावात जो शब्द आहे त्याचा अर्थ शिकाऊपणाची वर्षं, म्हणजे आपली उमेदवारी, कारागिराकडे पोरगं ठेवतात ती. आणि बिल्डुंग म्हणजे घडण. तंतोतंत घडण! आकार येणं आणि शिक्षण दोन्ही त्यात आहे, जसं आपण म्हणतो अमुक गुरुजींनी पोरं घडवली. म्हणून मी सरळ 'घडणीची कादंबरी' म्हणतो.

यात माझा जरा स्वार्थ आहे, कारण माझे मामा जळगावला सराफ बाजारात कारागीर होते आणि घडण हा शब्द मी त्यांच्या भट्टीजवळ बसून ऐकलाय. सोनं दिलं की दागिन्याच्या घडणावळीचे पैसे वेगळे. आणि त्याच्या जोडीला अजून एक शब्द असतो, घट. सोनं तापवताना, कापताना, घासताना, उजळताना थोडं जातंच, ते धरावंच लागतं, मामा जमिनीवरची धूळसुद्धा झाडून जपून ठेवायचे. माझ्या मते या कादंबऱ्यांचं मर्म या घटीत आहे. 'श्यामची आई'मध्ये आई जाते. 'कोसला'त पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते आणि तिथून पुढे पुस्तकाचा आवाजच बदलतो. काहीतरी कमी झाल्याशिवाय पोरगं घडत नाही असा नियम मी करत नाही, पण ज्या कादंबरीत नायक नुसता भर घालत जातो, शिकतो, जिंकतो, मोठा होतो, ती मला घडणीची वाटत नाही, ती यशोगाथा झाली.

दोन्ही पुस्तकं मी मुद्दाम घेतली कारण दोन्हींचा आपल्या खानदेशाशी संबंध आहे. साने गुरुजी कोकणातले, पण अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० शिक्षक होते, छात्रालयातल्या पोरांचं सगळं बघायचे, आणि त्यांच्या दुसऱ्या एका पुस्तकाचं नावच 'धडपडणारी मुले' आहे. धडपड हा पण किती नेमका शब्द, पडणं आणि झटणं एकाच वेळी. 'कोसला'वाले नेमाडे तर इकडच्या सांगवीचेच. 'कोसला' १९६३ ची, पोरगा शिकायला पुण्याला जातो आणि शेवटी गावाकडे परत येतो. कोसला म्हणजे रेशमाच्या किड्याचा कोष. जर्मन नमुन्यातला नायक शेवटी समाजात आपली जागा धरतो, इथे असं काही सरळ होत नाही, म्हणून असाइनमेंटमध्ये 'कोसला'ला घडणीची कादंबरी म्हणताना तुम्ही दोन ओळी जास्त लिहा, नुसतं लेबल लावू नका.

राहिला अस्मितेचा प्रश्न. अस्मि म्हणजे 'मी आहे', त्यावरून अस्मिता. योगसूत्रात हा पाच क्लेशांपैकी, म्हणजे मनाला त्रास देणाऱ्या दोषांपैकी एक आहे, अविद्येच्या लगेच नंतर येतो. आज मराठीत मात्र अस्मिता म्हटलं की भाषेची, प्रांताची, जातीची, म्हणजे समूहाची. एका पंधरा वर्षांच्या पोराच्या पोटातल्या गोंधळाला तो शब्द फार मोठा पडतो. ओळख बरा. ओळखीला समोर दुसरं माणूस लागतं, आणि 'ओळख पटते', म्हणजे आधीच्या कशाशी तरी जुळवून बघावी लागते. आपल्याकडे एसटी स्टँडवर म्हातारा माणूस तुमचं नाव आधी विचारत नाही, तो विचारतो 'तू कोना पोऱ्या शे?' वडील गेल्यावर या प्रश्नाला उत्तर देताना मी दरवेळी अडखळायचो, त्यांचं नाव सांगू का आईचं, का शेताजवळच्या विहिरीचं नाव सांगू ज्याच्यावरून आमचं घर ओळखायचे. ताई, तुम्ही ज्या कादंबरीवर लिहिताय तिच्यातही हा प्रश्न कोण कोणाला विचारतं ते शोधा, तो विचारलेला असतोच, फक्त वेगळ्या शब्दात.

सरांना सांगा, 'वयात येणं' मी खोडलं नाही, पुस्तकातल्या एका प्रकरणापुरतं ठेवलंय. आणि साक्री, शिरपूरकडे 'कळता झाला' याला अहिराणीत अजून काही वेगळं म्हणत असतील तर ते मला नक्की कळवा, मी वहीत लिहून ठेवतो.