ताई, रायफल केव्हा घ्यायची?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की मुलाला एअर रायफल शिकवायची असेल तर पहिले सहा महिने विकत काहीच घेऊ नका, फक्त रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी पाठवा. त्यावर बरीच पत्रं आली, काही रागावलेली पण होती. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून ज्या प्रश्नांत बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात ते घेतलेत.

मुलगा अकरा वर्षांचा आहे, ऑलिम्पिक बघितल्यापासून रायफल पाहिजे म्हणून मागे लागलाय. दिवाळीत घेऊन देऊ का? आणि एवढं वजन त्याला झेपेल का? (एक आई, मनीषनगर)

नका घेऊ हो दिवाळीत. मॅचच्या नियमात रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं आणि बहुतेक रायफली चार-साडेचार किलोच्या आसपास असतात, आता तुमचं पोरगं असेल तीस-बत्तीस किलोचं, तेवढं वजन छातीसमोर धरून तासभर उभं राहायचं म्हणजे त्याची कंबर मागे वाकणार, खांदा वर चढणार, आणि एकदा ती सवय लागली की पुढे दोन वर्षं ती मोडण्यातच जातात. लहान मुलांना आम्ही आधी स्टँडवर रायफल टेकवून शिकवतो, म्हणजे वजन स्टँड घेतो आणि मुलगा फक्त साइटमधून (रायफलवरच्या नेम धरायच्या भागातून) बघणं, श्वास आणि ट्रिगर एवढंच शिकतो. हळूहळू स्टँड काढायचा, तोही पाच-पाच मिनिटांसाठी.

दुसरं म्हणजे या वयात मुलं वाढतात. आज त्याच्या मापाचं जॅकेट घेतलं की पुढच्या दिवाळीला ते धाकट्या भावाला द्यावं लागेल. बाहेरच्या देशातून येणारी चांगली मॅच रायफल दोन-अडीच लाखांच्या पुढे जाते, जॅकेट, ट्राउझर, बूट, ग्लव्ह वेगळं, आणि रायफलच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाची हवा असते, ती घरी सायकलच्या पंपाने भरता येत नाही, रेंजवरच न्यावं लागतं. एवढं सगळं घेतल्यावर तीन महिन्यांनी तो म्हणाला की मला आता बुद्धिबळ खेळायचंय, तर तुम्ही त्याच्यावर चिडणार आणि तो तुमच्यावर. त्यापेक्षा रेंजची रायफल भाड्याने वापरू द्या. शाळांच्या स्पर्धेत ओपन साइट, म्हणजे साध्या उघड्या खाचेतून नेम धरायचा, हा प्रकार असतो, त्यात देशी बनावटीची साधी रायफल चालते, खर्च कितीतरी कमी. सुरुवात तिथून करा, आवड टिकली तर वर्षाने पीप साइटकडे, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायच्या रायफलीकडे वळा.

नात बारा वर्षांची आहे, सून तिला शूटिंगला घालायचं म्हणते. मला लेकराच्या हातात बंदूक बघवत नाही. मी जुन्या विचारांचा आहे का? (एक आजोबा, महाल)

आजोबा, अजिबात नाही. मला तर वाटतं पहिल्या दिवशी ज्या घरच्यांना भीती वाटते त्यांची मुलं जास्त नीट शिकतात, कारण घरी कोणीतरी विचारत असतं.

एअर रायफल हे खेळणं नाही हे मी पण म्हणते. ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सुटतो, तो डोळ्याला लागला तर डोळा जाऊ शकतो. म्हणून आमच्याकडे मूल आलं की पहिला आठवडा एकही छर्रा देत नाही. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. शूटिंग सुरू नसेल तेव्हा नळीत रंगीत दोरी घातलेली असते, ती दोन्ही टोकांनी बाहेर दिसते म्हणजे लांबूनही कळतं की आत काही नाही. साइटवर टार्गेट दिसल्याशिवाय बोट ट्रिगरवर नाही. ‘स्टॉप’ ऐकू आलं की जे चाललंय ते तिथल्या तिथे थांबवायचं, मग नेम कितीही सुंदर लागलेला असो. आणि टार्गेटच्या बाजूला पुढे कोणी गेलं असेल तर रायफलला हातसुद्धा लावायचा नाही. हे जो मुलगा दोनदा विसरतो त्याला मी त्या दिवशी घरी पाठवते, मग त्याचे बाबा कोणी का असेनात.

घरात रायफल असेल तर ती कपाटात कुलपात, छर्रे वेगळ्या कपाटात, चावी मोठ्यांकडे. गच्चीवरून कबुतरं, माकडं, शेजाऱ्याची टाकी, यातलं काही केलेलं मला कळलं तर मी त्या मुलाला परत घेत नाही. या गोष्टीवर मी कुणाचं ऐकत नाही.

आणि नात आहे म्हणून मनात काही असेल तर ते काढून टाका. १९८४ ला एअर रायफल ऑलिम्पिकमध्ये आली तेव्हापासून मुलींची स्पर्धा पण आहे. आपल्या अंजली भागवत २००० साली सिडनीत फायनलला गेल्या, सुमा शिरूर २००४ ला अथेन्समध्ये, आणि कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० ला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये (पालथं झोपून मारायच्या प्रकारात) जगज्जेत्या झाल्या. तुम्हीच एकदा रेंजवर या, मागच्या बाकावर बसा अन् बघा, किती शांत असतं तिथे. बाहेर रस्त्यावरच जास्त आवाज असतो.

ताई मी दहावीत आहे. प्रॅक्टिसमध्ये माझे चारशेपैकी ३९० च्या वर जातात आणि मॅचला ३७०-७२. हात थरथरतात. घरी काय करू? (एक मुलगी, कामठी)

बेटा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं, कारण तुझ्या वयाची असताना माझं अगदी हेच होत होतं.

आधी थरथरीबद्दल. रायफल कुणाचीच पूर्ण स्थिर नसते, जगज्जेत्याची पण हलते, फक्त कमी आणि संथ. टार्गेटवरचं दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, पेनाने टेकवलेल्या टिंबाएवढा, आणि समोरची साइट पाव मिलिमीटर जरी सरकली तरी दहा मीटरवर साधारण एक रिंग जाते. म्हणजे तू हात घट्ट आवळून हे थांबवू शकत नाहीस, आवळलंस तर स्नायू थकतात आणि उलट जास्त हलतं. वजन हाडांवर घ्यायचं. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकलंय का बघ, रायफल तळहातावर नुसती ठेवलीय का बघ, पकडलेली नको. मग डोळे मीट, दोन श्वास घे, अंग ढिलं सोड आणि डोळे उघड. साइट आता जिथे दिसते तिथेच तुझं शरीर आपणहून बघतंय. साइट टार्गेटच्या काळ्या गोलाच्या डावीकडे असेल तर हाताने ओढू नकोस, पाय हलव. नव्वद टक्के मुलं हाताने ओढतात आणि मॅचला ताण आला की तो हात सुटतो, मग आठ लागतो, सात लागतो.

आता मुख्य गोष्ट. तुला मॅचमध्ये वाईट शॉट लागतात ते नेम चुकल्यामुळे नाही, तू रायफल खाली घेत नाहीस म्हणून. हे मी तुला न बघता लिहितेय पण पैज लावायला तयार आहे. श्वास सोडल्यावर जो थांबा येतो त्यात सहा-आठ सेकंद नजर ताजी असते, त्यानंतर डोळ्यात जुनंच चित्र राहतं, आपल्याला वाटतं साइट बरोबर आहे आणि ती नसते. तेवढ्यात शॉट सुटला नाही तर खाली घ्यायची. बस. मी विद्यापीठात असताना एका मॅचच्या शेवटच्या सिरीजला (दहा शॉटच्या फेरीला) पंधरा सेकंद धरून ठेवली, मनात एकच की आता सोडून टाकू, मागे सगळे बघताहेत, खाली घेतली तर काय म्हणतील, आणि सात मारला. त्या एका सातने मी संघाबाहेर राहिले. पुढे शिकवायला लागले तेव्हा ठरवलं की माझ्या मुलांना मारायच्या आधी थांबायला शिकवायचं, आणि खरं सांगते, तेच सगळ्यात अवघड जातं. दहा मारला की मुलांचं कौतुक सगळेच करतात. माझ्या रेंजवर आम्ही वहीत किती वेळा रायफल खाली घेतली ते पण लिहितो, आणि शाबासकी त्यालाही मिळते.

वेळ कमी पडेल अशी भीती नको. मोठ्यांच्या मॅचमध्ये ७५ मिनिटांत ६० शॉट असतात, म्हणजे एकाला सव्वा मिनिट, तेवढ्यात दोनदा खाली घेऊनही आरामात होतं. २००८ ला बीजिंगला अभिनव बिंद्रा शेवटच्या शॉटआधी बरोबरीत होता, त्याने १०.८ मारला आणि गोल्ड घेतलं. फायनलला गुण दशांशात मोजतात, त्यात दहा पूर्णांक नऊच्या वर शॉटच नसतो. मी तो शॉट मुलांना दाखवते ते १०.८ साठी नाही, तो किती सावकाश उभा राहतो ते बघा म्हणून.

घरी रोज वीस मिनिटं ड्राय, म्हणजे छर्रा न घालता सराव कर. खोलीत एकही छर्रा नको, कोरी भिंत, त्यावर पेन्सिलने काळा ठिपका, घरच्यांना सांगून दार बंद. रायफल उचल, श्वास, ट्रिगर, आणि ट्रिगर दाबल्यावर दोन सेकंद तसंच बघत राहा, हा फॉलो थ्रू मॅचला सगळ्यात आधी गळतो. दहापैकी तीन वेळा मुद्दाम, सगळं छान असताना, खाली घे. चुकून नाही, ठरवून. महिनाभराने मला स्कोअर कळव, आणि बोर्डाच्या आधीचे दोन महिने फक्त हे वीस मिनिटं ठेव, रेंज नको.

पोरगं काठीने नेम धरून राहिलं दिवसभर, पण आमची संत्र्याची बाग, हातात पैसा वर्षातून एकदा येतो. यात पुढे काही आहे का? (एक वडील, काटोल)

दादा, खोटं नाही सांगणार. यात मेडलपर्यंत फार थोडे पोचतात आणि खर्च रायफलीपेक्षा छर्र्यांचा जास्त टोचतो. एका डब्यात ५०० छर्रे येतात, रोज साठ मारले आणि आठवड्यातून पाच दिवस केलं तरी डबा दोन आठवडे पुरत नाही.

पण रस्ते आहेत. शाळेकडून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या स्पर्धेत उतरवा, तिथे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात, पुढे विभाग, मग राज्य. शाळेत किंवा कॉलेजात एनसीसी असेल तर नक्की घाला, तिथे पॉइंट टूटू (.२२ बोअरच्या) रायफलवर फायरिंग होतं आणि घरून काही घालावं लागत नाही. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. प्रमाणपत्र त्या नियमात बसतं का ते मात्र आधी क्रीडा कार्यालयात विचारून घ्या, स्पर्धा झाल्यावर नाही. स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, वडील शिक्षक, सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला, रेल्वेत तिकीट तपासनीस झाला आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात) ब्राँझ आणलं. बारा वर्षं लागली त्याला ऑलिम्पिकपर्यंत जायला. कर्ज काढून रायफल घेऊ नका एवढं ऐका माझं.

चष्मा आहे, चालेल का? (इयत्ता आठवी, नंदनवन)

चालेल. नंबर बरोबर असू दे, आणि दुसरा डोळा मिटू नकोस, चेहरा आवळतो. त्या डोळ्यासमोर पांढरी पट्टी लावायची, ती नियमात बसते.

मे महिन्यात जाड जॅकेट घालून सराव करवायचा का? घरी आल्यावर मुलगी गळून जाते. (एक आई, हिंगणा)

आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा पत्र्याखालच्या रेंजवर ते कॅनव्हास-चामड्याचं जॅकेट म्हणजे शिक्षा आहे. सकाळी साडेसहाला सुरू करून साडेआठला बंद, आणि जॅकेट फक्त अर्धा तास, बाकी टी-शर्टवर होल्डिंग, म्हणजे न मारता नुसता नेम धरून उभं राहणं. सोबत मीठ-साखरेचं पाणी द्या. चक्कर, मळमळ झाली तर लगेच थांबवायचं, कोच काहीही म्हणो. आणि एक, सगळ्या आयांसाठी: छर्रे शिशाचे असतात, तेव्हा रेंजवरून निघताना साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, आणि छर्रा तोंडात धरायची सवय काही मुलांना असते, ती आजच बंद करा.

माझी भाची व्हीलचेअरवर आहे, तेरा वर्षांची. तिला बघायलाच आणू की शिकताही येईल? (एक मावशी, धरमपेठ)

शिकायलाच आणा. अवनी लेखरा व्हीलचेअरवरूनच १० मीटर एअर रायफल मारते, तिने टोकियो पॅरालिम्पिकमध्ये गोल्ड घेतलं आणि २०२४ ला पॅरिसमध्ये परत घेतलं. बसून मारताना पाठीला आधार किती, खुर्चीची उंची किती याचे नियम आहेत, ते हळूहळू बघू, पहिल्या दिवशी तिला फक्त साइटमधून काळा गोल दिसतो का आणि मजा येते का एवढंच बघायचं. रविवारी सकाळी या. आमच्या रेंजला चार पायऱ्या आहेत, निघताना फोन करा, मोठी मुलं खाली येऊन थांबतील.