‘फिडलर ऑन द रूफ’चा लंडनमधला नवा प्रयोग जुन्यापेक्षा वेगळा कसा?

या संगीत नाटकाची गोष्ट तीच आहे. 1905 च्या सुमाराचं रशियन साम्राज्य, आनातेव्का नावाचं ज्यू वस्तीचं गाव, गरीब दूधवाला तेव्ये आणि स्वतःच्या मर्जीनं लग्न ठरवणाऱ्या त्याच्या मुली. बदललंय ते मांडणीत. दिग्दर्शक जॉर्डन फाइननं 2024 मध्ये हे रीजंट्स पार्कच्या खुल्या नाट्यगृहात बसवलं. टॉम स्कटच्या नेपथ्यात गव्हाचं शेतच जमिनीपासून उचलून वर नेलंय. तेच छप्पर, आणि फिडलवाला, म्हणजे व्हायोलिन वाजवणारा, त्यावर. फिरती घरं, रंगवलेले पडदे वगैरे जुना थाट नाही, हे बरंच झालं.

मला जास्त पटला तो खावाचा बदल. ही तिसरी मुलगी ख्रिस्ती तरुणाशी लग्न करते आणि बाप तिच्याशी नातंच तोडतो. एरवी ती दोघी थोरल्या बहिणींमागे झाकली जाते. इथे तिच्या हाती क्लॅरिनेट हे फुंकून वाजवायचं वाद्य दिलंय, त्यामुळे तिचं दुःख संवादांवर अडून राहत नाही.

डोक्यावर बाटल्या ठेवून होणारा लग्नातला नाच मात्र आहेच. तो काढला असता तर प्रेक्षकांनी दिग्दर्शकाला सोडलं नसतं! 2025 मध्ये या प्रयोगाला लंडनच्या रंगभूमीचे मानाचे तीन ऑलिव्हिए पुरस्कार मिळाले, मग तो तिथल्याच बार्बिकन नाट्यगृहात गेला.