पाच जणांच्या व्होकल ग्रुपला लाइव्ह लूपिंग (गाताना तिथल्या तिथे तुकडा रेकॉर्ड करून तो पुन्हा पुन्हा वाजवणं) करायचंय. लूपर एकच घ्यावा की प्रत्येकाला वेगळा?

'प्रत्येकाला वेगळा' वाचलं आणि राहवलं नाही. एकच घ्या, मिक्सरला जोडा.

आमच्या ग्रुपमध्ये अरेंजमेंट करणाऱ्या मित्राचं म्हणणं असं, की लूपर एकाच्या हातात दिला की तो मालक होतो आणि बाकीचे कोरस. म्हणून प्रत्येकाच्या पायाशी स्वतःचं छोटं पेडल. मी विचारलं, या सगळ्यांना एका क्लॉकवर कोण आणणार? 'आपण काय तालात कच्चे आहोत का?' हे उत्तर मिळालं. अरे, तालाचा संबंधच नाही! मिडी क्लॉकने (सगळ्या यंत्रांना एकाच वेळेवर चालवणाऱ्या सिग्नलने) न बांधलेल्या पेडलवर लूपची लांबी पाय कधी पडला यावर ठरते. माझा लूप 8.00 सेकंदांचा, शेजारचीचा 8.02. तालमीत दोन-चार फेऱ्यांत कुणाला कळतही नाही. तेच दहा वेळा फिरलं की फरक 0.2 सेकंदांवर जातो. 120 च्या टेम्पोला एक बीट अर्ध्या सेकंदाचा असतो, म्हणजे जवळजवळ अर्धा बीट गेला.

कार्यक्रमात नेमकं तेच झालं. बीटबॉक्सचा किक एकीकडे, माझा बास दुसरीकडे, आणि वरच्या सुरातल्या दोघी कुणाला धरायचं म्हणून एकमेकींकडे बघतायत. शेवटी सगळे लूप बंद करून उरलेलं गाणं तसंच गायलो. टाळ्या बऱ्या पडल्या, तो भाग वेगळा. मित्र आजही सांगतो की मॉनिटर (स्टेजवर आम्हाला ऐकवणारे स्पीकर) खराब होते. होतेच. पण मॉनिटरमुळे लूप लांबत नाही.

आता तुमचं. बॉस कंपनीचा आरसी-505 एमके टू हा लूपर, पाच ट्रॅक, प्रत्येकाला आवाज कमी-जास्त करायचा वेगळा फेडर. हे फेडर फार कामाचे, कारण पाचही आवाज एकाच ट्रॅकवर ओव्हरडब (एकावर एक रेकॉर्ड) केलेत तर नंतर बास वर घेता येत नाही. चालवणाऱ्याचे हात मोकळे हवे असतील तर आरसी-600: सहा ट्रॅक, नऊ फुटस्विच. दोन्हींना एक्सएलआर (स्टेजच्या माइकची तीन पिनांची वायर) माइक इनपुट दोनच, म्हणून मिक्सर लागतोच. जुन्या 505 ला तर एकच आहे, सेकंडहँड घेताना बघा.

माइक मिक्सरमध्ये, ऑक्स सेंड (मिक्सरमधून हवे तेच आवाज वेगळे बाहेर पाठवायची वाट) लूपरच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला, लूपरचं आउटपुट परत मिक्सरच्या वेगळ्या चॅनेलवर. त्या चॅनेलचा ऑक्स शून्यावर ठेवा, नाहीतर लूप स्वतःलाच रेकॉर्ड करत बसतो. लूपरमधून थेट जाणारा आवाजही राउटिंगमध्ये बंद करा, नाहीतर प्रत्येक गायक दोनदा ऐकू येतो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. ज्याचा थर चाललाय त्याचाच सेंड उघडा, बाकीच्यांचे श्वास कशाला साठवायचे? आणि इन-इअर (कानात घालायचे मॉनिटर) घ्या. स्पीकरमधून जुना लूप ऐकत नवा रेकॉर्ड केला की जुना त्यात पुन्हा शिरतो, चौथ्या थरापर्यंत सगळा चिखल.

चालवणारा लीड सिंगर नको. ज्याची ओळ सगळ्यांत सोपी, त्याच्याकडे द्या. आमच्याकडे तो मी आहे आणि अजून तरी कुणी मालक झालेलं नाही.

दोघंच असाल तर मिक्सरबद्दलचं सगळं सोडून द्या, 505 एमके टूचे दोन इनपुट पुरेत. आणि ग्रुपमध्ये लॅपटॉपला न घाबरणारा कुणी असेल, तर एबलटन लाइव्ह हे सॉफ्टवेअर आणि आठ इनपुटचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) खरं म्हणजे जास्त स्वच्छ पडेल, प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर. 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पलचा बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे एका बाजूने 2.7 मिलिसेकंद उशीर, तेवढा गाताना खपतो. मी स्टेजवर लॅपटॉप नेत नाही, पण ती माझी आवड.