पहिल्यांदाच संशोधन-निधी मागताय?

रेडिओलॉजी विभागातली मनुष्यबळाची टंचाई आणि तिथल्या मशीनचा पर्यावरणावरचा भार, हा विषय निकडीचा निवडलात, मनापासून आनंद झाला. पण मनुष्यबळ आणि पर्यावरण दोन्ही एकाच प्रस्तावात कोंबू नका. बहुतेक नवखे तिथेच अडकतात. एकच प्रश्न घ्या: स्कॅन चालू नसताना आपलं सीटी मशीन किती वीज खातं? स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरातल्या रुग्णालयाच्या २०२० च्या अभ्यासात हे प्रमाण सीटीच्या एकूण विजेच्या सुमारे दोन तृतीयांश निघालं होतं. बायोमेडिकल इंजिनियरला गाठून मीटर बसवा, महिनाभर मोजा. हाती स्वतःचे आकडे असले की प्रस्तावाला वजन येतं. (एमआरआय नंतर बघू, त्याचं कूलिंग चोवीस तास लागतंच.)

- आधी कॉलेजचा छोटा निधी, मग आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद).
- परवानगी लागेल का, हे एथिक्स कमिटीला आजच विचारा.
- रात्रपाळीच्या टेक्निशियनना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. मशीन का बंद होत नाही, माणसं कुठे कमी पडतात, हे त्यांनाच ठाऊक असतं.

मसुदा झाला की पाठवा, नक्की वाचेन.