त्यांना बसवून ठेवू नकोस

प्रिय मुली,

तालुक्याच्या ओपीडीत फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू झालीस आणि निम्म्या बायका गुडघे धरूनच आत येतात, असं लिहिलंस. येणारच. भातलावणीत वाकून, चुलीपुढे उकिडवं बसून, डोक्यावर हंडे वाहून ज्यांची उमर गेली त्या या बायका. तुझ्यापर्यंत पोचण्याआधीच कुणीतरी त्यांना एक्स-रे दाखवून सांगितलेलं असतं: गुडघे झिजलेत, जिना चढू नका, खाली बसू नका, चालणं कमी करा. त्यात तू आणखी भर घालू नकोस, एवढं कळकळीने सांगते.

कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत अस्तराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार पडतो, उतरतो, तेव्हा आतलं वंगण तिच्यात ये-जा करतं आणि तिचं पोषण होतं. दुखतंय म्हणून बाई बसून राहिली की मांडीचा पुढचा स्नायू सुकत जातो, गुडघ्याचा आधार सुटतो, दुखणं वाढतं आणि ती आणखीच बसून राहते. म्हणून एक्स-रेची फिल्म बघण्याआधी मी मांडीला हात लावून बघते. फिल्ममध्ये सांध्यातली फट पार बुजलेली असूनही आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालत जाणारी माणसं आहेत, आणि फिल्म बरी असून रात्रभर कण्हणारीही आहेत.

व्यायामाचा छापील कागद हातात देऊन मोकळी होऊ नकोस, तो पिशवीतच राहतो. तिचा दिवस कसा जातो ते विचार आणि त्यातच व्यायाम बसवून दे. चहाला उकळी येईपर्यंत खुर्चीवरून हात न टेकता उठबस. मालिका बघताना गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती दाबायची, पाच अंक मोजायचे, सोडायची. करताना थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी जास्त ठणकलं तर प्रमाण कमी करायचं, बंद करायचं नाही. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात हवी, हे बहुतेकांना उलटंच ठाऊक असतं. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी कमी होतो; हे जरूर सांग, पण तिला लाज वाटेल अशा शब्दांत नाही. संडासासाठी कमोडची खुर्ची घ्यायला लाव. देवापुढे मांडी घालणं मात्र सरसकट बंद करू नकोस. उंच पाट घेऊन जमतंय का, ते आधी बघ.

कुणाकडून आणलेल्या, नाव नसलेल्या पुड्या घेते का, हेही विचारत जा. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. घेत असेल तर एकदम थांबव म्हणू नकोस, डॉक्टरांकडे ने.

आणि सकाळचं आखडणं किती वेळ टिकतं, हे प्रत्येकीला विचार. अर्ध्या तासात सांधे मोकळे झाले तर बहुधा वयाबरोबरची झीज. तासभर बोटं मिटतच नसतील, दोन्ही मनगटं सुजली असतील, तर आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, असू शकतो. त्याची औषधं वेगळी, आणि ती लवकर सुरू झाली तरच सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. अशा बाईला आपल्याकडे व्यायामात अडकवू नकोस. जिल्ह्याच्या ठिकाणी संधिवाततज्ज्ञ असतील तर त्यांच्याकडे, नसतील तर मेडिसिनच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात पाठव. चिठ्ठीत आखडण्याचा वेळ मिनिटांत लिही आणि कोणकोणते सांधे सुजलेत तेही लिही.

तुझी,
मॅडम