फोटोतली ती तरुणी कोण?

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक जुना फोटो सापडला. आजोबा कोट-टोपी घालून उभे आहेत आणि शेजारी खुर्चीवर नऊवारीतली एक तरुणी मांडीवर तान्हे मूल घेऊन बसली आहे. ती माझी आजी नव्हे. पुठ्ठ्यावर साताऱ्याच्या स्टुडिओचा शिक्का आहे. ७८ वर्षांचे बाबा म्हणतात, “जुनी मढी उकरू नकोस.” ८४ वर्षांच्या आत्या विषयच बदलतात. चुलत भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून विचारू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ग्रुपवर मुळीच टाकू नका. आपल्या घराण्याचा इतिहास जाणून घेण्याचा हक्क तुम्हाला निश्चित आहे. पण जे अजून तुम्हालाच ठाऊक नाही, त्याचा बोभाटा करण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

आधी फोटोच्या दोन्ही बाजू स्कॅन करून घ्या आणि तो पुठ्ठ्यावरून सोडवण्याच्या फंदात पडू नका, कारण मागचा मजकूर हाच बहुधा खरा पुरावा असतो. शिक्क्यावरून फोटो कुठे काढला एवढेच कळते. आसपासच्या गावांतील कुटुंबेही त्यासाठी शहरात येत असत, त्यामुळे ती तरुणी साताऱ्याचीच असेल असे गृहीत धरू नका. त्यानंतर आजोबांच्या मूळ गावच्या तहसील कार्यालयात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींची, म्हणजे गाव नमुना १४ ची नक्कल मागा. जातीच्या दाखल्यासाठी लोक याच नोंदी शोधत असल्यामुळे तिथे तुमच्या मागणीचे कोणाला नवल वाटणार नाही. मात्र नोंद मोडी लिपीत असल्यास ती वाचणारा जाणकार गाठावा लागेल. तुमच्या आडनावाचा कुलवृत्तांत छापलेला असेल, तर त्यात आजोबांच्या विवाहांचा उल्लेख सापडू शकतो. घराण्यातील कोणी त्र्यंबकेश्वरी विधी केले असल्यास तेथील तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्याही पाहाव्यात. एक अडचण मात्र राहील : लग्नात स्त्रीचे नाव बदलण्याची रीत असल्याने ती तरुणी माहेरी एका नावाने आणि सासरी दुसऱ्याच नावाने नोंदलेली असू शकते.

आजोबांविषयी एवढ्यात मत बनवू नका. बाळंतपणात पत्नी दगावल्यावर पुरुषाने दुसरे लग्न करणे त्या काळी सर्रास होते आणि मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला एक पत्नी हयात असताना दुसरी करण्यास कायद्याने बंदी झाली ती १९४६ मध्ये.

मला खरी काळजी वाटते ती आत्यांची. त्यांचे वय पाहता ते तान्हे मूल त्या स्वतःच असण्याची शक्यता आहे आणि तसे असेल, तर त्यांची व तुमच्या बाबांची आई वेगवेगळी ठरते. तेव्हा भावंडांचा गोतावळा न जमवता एकट्याच त्यांच्याकडे जा, फोटो आपल्याकडे आहे हे आडपडदा न ठेवता सांगा आणि तो पाहायचा की नाही हे त्यांच्यावर सोडा. त्यांनी पुन्हा विषय बदललाच, तर कागदपत्रांचा शोध शांतपणे चालू ठेवा, पण त्यांना परत छेडू नका. त्यांनी फोटो मागितला, तर स्कॅन तुमच्याकडे ठेवून मूळ प्रत त्यांना द्या.