सगळे स्कॅन करून टाकले की राष्ट्रीय संग्रह जतन झाला, असे म्हणता येईल का?

ग्रंथालये आणि अभिलेखागारे यांतील संग्रह टिकवायचे असतील तर देशाने पहिला पैसा कशावर खर्च करावा, आणि सगळे स्कॅन करून टाकले की हा प्रश्न कायमचा मिटत नाही का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. नोकरीतील बरीच वर्षे मी हेच उत्तर वरिष्ठांना देत आलो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाकडे जरा उशिराने वळतो.

मी एका मोठ्या ग्रंथालयाच्या जतन विभागात होतो. आमच्याकडे जुन्या वृत्तपत्रांच्या बांधीव फाइली होत्या. लाकडाच्या लगद्याचा आम्लधर्मी कागद, तपकिरी पडलेल्या कडा, आणि पान उलटताना कोपऱ्याचा तुकडा बोटांत यावा इतका ठिसूळपणा, अशी त्यांची अवस्था होती. स्कॅनिंगचे कंत्राट दिले गेले तेव्हा कंत्राटदाराने अट घातली की फाइल सपाट उघडली पाहिजे. ती उघडणे शक्य नव्हते, कारण पूर्वीच्या बाइंडरने पाठीलगत भरपूर कागद धरून आडवी शिवण मारली होती. मग कटिंग मशीनवर फाइलींच्या पाठी उडवण्यात आल्या, सुटी झालेली पाने स्कॅनरखालून गेली आणि त्यानंतर गठ्ठे बांधून रद्दीत दिली गेली. पानाची प्रतिमा मिळाल्यावर कागद केवळ जागा अडवतो, हे विभागप्रमुखांचे ठाम मत होते. मी लेखी विरोध नोंदवला. त्या टिपणावर ‘पाहिले’ एवढाच शेरा पडून ते परत आले.

त्या प्रतिमांत काय नव्हते ते सांगतो. पाठीकडच्या स्तंभातील ओळींची टोके पात्याखाली गेली होती. दुमडलेली पाने दुमड न उघडताच स्कॅन झाली होती. जागा वाचावी म्हणून प्रतिमा निव्वळ काळ्यापांढऱ्या ठेवल्यामुळे छायाचित्रांच्या जागी काळे डाग उरले होते. पुढे एक संशोधक बोटींच्या वेळापत्रकांच्या जाहिराती पाहण्यासाठी आले. त्या जाहिराती नेमक्या आतल्या बाजूच्या स्तंभात छापलेल्या असत, आणि सुटण्याच्या तारखांचा रकाना त्यातही अगदी पाठीलगत असे. बोटीचे नाव दिसत होते, बंदर दिसत होते, तारीख मात्र अर्धीच. त्यांनी साहजिकच मूळ अंक मागितला. तो देता येईना, म्हणून आम्ही त्यांना दुसऱ्या एका ग्रंथालयाचे नाव सुचवले, कारण तिथे हीच फाइल असल्याच्या भरवशावर आमची रद्दीत गेली होती. चौकशीअंती कळले की तिथल्यांनी आपली फाइल आधीच निकाली काढली होती, आणि तीही आमच्याकडे ती आहे याच भरवशावर.

राष्ट्रीय पातळीवरील जतन म्हणजे माझ्या मते सर्वप्रथम हा घोळ होऊ न देणे. कोणत्या वस्तूची शेवटची मूळ प्रत कोणाकडे आहे आणि ती सांभाळण्याची जबाबदारी कोणी लेखी स्वीकारली आहे, याची देशभर एकच नोंद हवी. ब्रिटनमध्ये २००७ साली सुरू झालेल्या यूके रिसर्च रिझर्व्ह या योजनेत, विद्यापीठांना कमी वापराची नियतकालिके काढून टाकण्यापूर्वी देशात किमान तीन प्रती शिल्लक राहतील याची खात्री करावी लागे, आणि त्यांपैकी एक प्रत ब्रिटिश लायब्ररीत असे. जागा मोकळी करण्यास माझा विरोध नाही. न विचारता मोकळी करण्यास आहे. पुष्कळ लोक इथे ग्रंथ जमा करण्याच्या कायद्याकडे, म्हणजे प्रकाशकाने छापलेल्या पुस्तकाची प्रत ठरलेल्या ग्रंथालयाला दिलीच पाहिजे या नियमाकडे, बोट दाखवतात. फ्रान्समध्ये असा आदेश १५३७ सालीच निघाला होता. परंतु असा कायदा प्रत दारापर्यंत आणून देतो. दाराच्या आत ती शंभर वर्षे कशी राहील, हे त्या एका कायद्याने ठरत नाही.

आता पैशाविषयी. तो इमारतीवर, हवेवर आणि पेट्यांवर खर्च करावा. हे उत्तर कोणालाच आवडत नाही, कारण पेटीचे उद्घाटन करता येत नाही. साठवणुकीच्या खोलीचे तापमान पाचसहा अंश सेल्सिअसने उतरवले तर कागदाचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते, असे जतनशास्त्रात धरले जाते. आणि सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर रेंगाळू लागली की बुरशीला आमंत्रण मिळते. एकेक दुर्मीळ पोथी हातात घेऊन जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि खळीने तिची डागडुजी करणे हे सुंदर काम आहे, मी ते केले आहे, पण त्याने फार तर काहीशे वस्तू वाचतात. चांगल्या खोलीने लाखो वाचतात. शिवाय उपचारही कालांतराने अंगलट येतात. विसाव्या शतकात नाजूक कागदपत्रांना सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकचे पातळ आवरण चढवणे शास्त्रशुद्ध समजले जाई. आज तेच आवरण स्वतः खराब होताना आढळते आणि ते सोडवण्यासाठी माणसे लावावी लागतात.

जागेची निवड किती निर्णायक असते, हे फ्लॉरेन्सने दाखवले. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचे पाणी तिच्या काठावरील राष्ट्रीय ग्रंथालयात शिरले तेव्हा वृत्तपत्रे आणि इतर प्रचंड संग्रह तळमजल्यावर व तळघरात होते. त्या चिखलातून काढलेल्या पुस्तकांवरील काम पुढे अनेक दशके चालू राहिले. कोलोन शहराचे ऐतिहासिक अभिलेखागार तर ३ मार्च २००९ रोजी शेजारच्या भुयारी रेल्वेच्या बांधकामामुळे कोसळले. जर्मनीने १९७५ पासून ओबररीडजवळच्या बार्बराश्टोलन या जुन्या खाणीच्या बोगद्यात महत्त्वाच्या कागदपत्रांच्या मायक्रोफिल्म (पानांची अतिशय लहान छायाचित्रे असलेल्या फिल्म) पोलादी पिंपांत ठेवायला सुरुवात केली होती, आणि कोलोनच्या संग्रहाच्या काही भागाच्या फिल्मही तिथे सुरक्षित होत्या. तरीही ‘फिल्म आहे ना’ असे म्हणून ढिगारा कचऱ्यात टाकला गेला नाही. चिखलातून आणि भूजलातून कागद वेचून काढले गेले. प्रत दुसरीकडे हवीच, मूळही हवेच.

माझ्या विभागप्रमुखांना मी हेच उदाहरण दिले होते. जर्मनांकडे पैसा आहे, असे उत्तर मिळाले. स्कॅनिंगमधून मिळालेल्या डिजिटल फाइलींनाही दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर हलवावे लागते, एकही बिट बदलला नाही ना हे चेकसम (फाइलीतील मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढून तपासावे लागते, दुसऱ्या शहरात त्यांची जोडप्रत ठेवावी लागते, आणि या सगळ्याचा खर्च कधीच संपत नाही, हे मात्र त्यांच्या अंदाजपत्रकात कुठेही नव्हते. कंत्राट एकदाचे असते, देखभाल कायमची.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. वरील सारा युक्तिवाद प्रामुख्याने कागदाचा आहे. चुंबकीय ध्वनिफिती आणि व्हिडिओफिती यांच्या बाबतीत डिजिटल प्रतीवाचून गत्यंतर नाही, कारण फीत तर झिजतेच, पण ती वाजवणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारी माणसेही नाहीशी होत आहेत. तिथे आधी डिजिटायझेशन करा, वाद नंतर घाला. तसेच कार्यालयीन कागदपत्रांपैकी मोठा भाग नियमानुसार नष्टच करायचा असतो, आणि ते करणे हेही अभिलेखपालाचेच काम आहे.

आपण एखाद्या संस्थेत असाल आणि ‘स्कॅन झाले, आता मूळ निकाली काढावे’ असा प्रस्ताव समोर आला, तर सही करण्यापूर्वी दुसरी मूळ प्रत असलेल्या संस्थेचे अलीकडच्या तारखेचे पत्र मागा. त्यात प्रत संपूर्ण आहे, कोणीतरी पाने उलटून ती तपासली आहे आणि संस्था ती ठेवणार आहे, एवढे लिहिलेले असावे. तालिकेतील (कॅटलॉगमधील) नोंद पुरावा म्हणून धरू नका, कारण पुस्तक गेल्यानंतरही नोंद वर्षानुवर्षे तशीच राहते. वरिष्ठ म्हणतील की अशा पत्रव्यवहाराने काम अडते. आमच्याकडेही नेमके हेच म्हटले गेले होते, आणि रद्दीचा ट्रक त्याच आठवड्यात आला.